जुन्या राक्षसपटांतल्या वस्तू: काय उरले, कसे उरले आणि आता ते कसे राखावे?

जुनी रीळ

२००९ साली लंडनच्या ख्रिस्तीज लिलावगृहात धातूचा एक सांगाडा सुमारे १ लाख २१ हजार पौंडांना विकला गेला. त्याची उंची जेमतेम २२ इंच आहे, खांदे, कोपर आणि गुडघे यांच्या जागी गोळी-खोबणीचे सांधे आहेत आणि अंगावर मांस म्हणावे असे काहीही उरलेले नाही. हा १९३३ च्या 'किंग काँग' या चित्रपटातल्या काँग नावाच्या महाकाय वानराच्या प्रतिकृतीचा सांगाडा. चित्रपटाचे दृश्यपरिणाम करणाऱ्या विलिस ओब्रायन यांच्या हाताखाली मार्सेल डेल्गाडो यांनी काँगच्या प्रतिकृती घडवल्या, तेव्हा अशा सांगाड्यावर कापूस आणि रबराचे स्नायू चढवले होते आणि वरून सशाच्या लवीची कातडी बसवली होती. प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिला तो काँग म्हणजे ते रबर आणि ती लव. तेच झडून गेले आणि जे प्रेक्षकांना कधी दिसलेच नाही, ते आज उरले आहे.

या धाग्यात मला एक प्रश्न मांडायचा आहे. अशा सांगाड्यावर जुन्या छायाचित्रांच्या आधाराने पुन्हा रबर आणि लव चढवून त्याला मूळ रूप द्यावे, की तो आहे तसाच ठेवावा? माझा कल मूळ रूप देण्याकडे आहे, कारण ही वस्तू अभिनयासाठी घडवली गेली होती आणि चेहऱ्याशिवाय अभिनय नाही. १९२० ते १९६० या काळातल्या राक्षसपटांच्या चित्रीकरणामागच्या आणि त्यांतून उरलेल्या वस्तूंच्या हकिकती सदस्यांनी जरूर सांगाव्यात. त्यांतूनच उत्तर सापडेल असे मला वाटते.

निशाचर

सांगाडा सांगाडाच राहू द्यावा. नवी कातडी चढवली की ती नव्या माणसाची कलाकृती झाली.

मृण्मयी

निशाचर यांच्याशी सहमत आहे आणि त्यामागे एक कारण आहे. 'किंग काँग' नीट पाहिला तर काँग स्थिर उभा असतानाही त्याच्या अंगावरची लव सतत हलताना दिसते. तिथे वारा नव्हता. स्टॉप मोशनमध्ये प्रत्येक चौकटीसाठी प्रतिकृती हाताने किंचित हलवावी लागते आणि सेकंदाला अशा २४ चौकटी लागतात. प्रत्येक वेळी बोटे लागली की लव थोडी दबे आणि चौकटी सलग पडद्यावर आल्या की तिच्यात लाट उठल्यासारखी दिसे. तांत्रिकदृष्ट्या हा दोष होता, परंतु पाहणाऱ्याला काँग रागाने अंग फुलवतो आहे असे वाटते आणि तो अधिकच जिवंत होतो. ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बोटे अशा रीतीने त्या चित्रपटात कायमची उमटली आहेत. आज कोणी नवी लव चढवली, तर तिच्याशी त्या बोटांचा काही संबंध राहणार नाही.

२२ इंचांवरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. जंगलातल्या प्रसंगांत काँग १८ फुटी वाटावा म्हणून १८ इंचांच्या प्रतिकृती होत्या, म्हणजे एका फुटाला एक इंच. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींपुढे तो फार लहान दिसेल अशी शंका आल्यावर तिथल्या प्रसंगांसाठी २४ इंची प्रतिकृती करण्यात आली. रबर आणि लव चढल्यावर २२ इंचांचे किती होतील याचा अंदाज केला, तर हा सांगाडा न्यूयॉर्कमधल्या काँगचा असावा असे मानायला जागा आहे. हे माप उघड्या सांगाड्यावरच सहज घेता येते.

चित्रवेडा

एम्पायर स्टेट इमारतीवर चढणारा काँग म्हणजे वानराचा पोशाख घातलेला माणूस होता असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. मग सांगाड्याचे महत्त्व एवढे कशासाठी?

मृण्मयी

चित्रवेडा, तो दावा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात केला, परंतु चित्रपटच त्याच्या विरोधात साक्ष देतो. लवीची ती लाट इमारतीवरच्या दृश्यांतही आहे आणि पोशाखातल्या माणसाच्या अंगावर ती तशी येऊ शकत नाही. प्रतिकृतींखेरीज जे होते ते पूर्णाकृती भाग: अस्वलांच्या कातड्यांनी मढवलेले काँगचे प्रचंड डोके आणि छाती, ज्याच्या आत बसून माणसे डोळे आणि जबडा हलवत, आणि एक मोठा यांत्रिक हात, ज्याच्या मुठीत फे रे या अभिनेत्रीला धरले जाई. "हॉलिवूडमधला सर्वांत उंच आणि सर्वांत सावळा नायक तुझ्यासमोर असेल," असे दिग्दर्शक मेरियन कूपर यांनी तिला आधी सांगितले होते आणि तिच्या मनात क्लार्क गेबल आला होता. शेवटच्या दृश्यात काँगवर गोळ्या झाडणाऱ्या विमानात बसलेले दोघे म्हणजे कूपर आणि त्यांचे सहदिग्दर्शक अर्नेस्ट शोडसॅक स्वतः आहेत.

चित्रवेडा

क्लार्क गेबलची हकिकत फार आवडली. फे रे यांनी ती भूमिका तरीही सोडली नाही, हे आपले भाग्य.

कमळजा

मी वस्तुसंग्रहालयांसाठी जतनाचे काम करते, म्हणून मूळ प्रश्नाकडे त्या बाजूने पाहते.

नैसर्गिक रबर आणि लॅटेक्स यांचे वय मुळातच थोडे असते. हवेतला ऑक्सिजन, प्रकाश आणि उष्णता यांमुळे ते आधी चिकट होते, मग कडक होते, भेगाळते आणि शेवटी बोट लावताच त्याचा भुगा होतो. फेसाळ रबराचे, म्हणजे या चित्रपटांच्या काळात वापरात आलेल्या हलक्या स्पंजासारख्या रबराचे, हाल आणखी लवकर होतात, कारण त्याच्या प्रत्येक छिद्रातून हवा आत शिरते. ही प्रक्रिया उलटवता येत नाही. अंधार, थंडावा आणि शक्य असेल तिथे ऑक्सिजनविरहित पेटी यांनी ती फक्त लांबवता येते. समुद्रकाठच्या दमट, उष्ण गावांत साध्या रबरी बाहुल्यासुद्धा किती लवकर चिकट होतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

आमच्या कामाचा सर्वसाधारण नियम असा की हस्तक्षेप कमीत कमी असावा, तो उद्या काढून टाकता येईल असा असावा आणि नवे कोणते व जुने कोणते हे जवळून पाहणाऱ्याला कळावे. सांगाड्यावर नवे रबर चढवले की तिन्ही अटी मोडतात. शिवाय ते नवे रबरही आणखी काही वर्षांनी असेच गळणार आणि तोवर सांध्यांत शिरून मूळ धातूला त्रास देणार. म्हणून जुनी रीळ यांच्या सूचनेला माझा विरोध आहे. प्रतिकृती करायचीच असेल, तर तिचा सांगाडाही नवा असावा.

जुनी रीळ

कमळजा, धातूला होणाऱ्या त्रासाचा मुद्दा मोलाचा आहे. तरी माझी अडचण अशी की दहा वर्षांच्या मुलाला काचेच्या पेटीतल्या सळया दाखवून "हा काँग" असे सांगितले, तर त्याला त्यात काय दिसणार? पुढे स्टॉप मोशनचे विख्यात कलावंत झालेल्या रे हॅरीहाउसेन यांनी १३ व्या वर्षी 'किंग काँग' पाहिला आणि त्यांचे आयुष्य त्या एका खेळाने बदलले. त्यांनी काँगला जिवंत पाहिले होते, सळया पाहिल्या नव्हत्या.

अभिजात

हॅरीहाउसेन यांचे नाव निघालेच आहे, तर त्यांच्या संग्रहाचे उदाहरण इथे सर्वांत उपयोगी पडेल. पुढे ओब्रायन यांच्याच हाताखाली त्यांनी १९४९ च्या 'मायटी जो यंग'साठी काम केले आणि त्या चित्रपटाला विशेष दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. त्यांचे काम घरच्या कामासारखे चाले. वडील यंत्रकाम जाणणारे होते आणि ते मुलासाठी सांगाडे घडवून देत. आई बाहुल्यांचे कपडे शिवे. १९६३ च्या 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'मधल्या सात हाडांच्या सापळ्यांची लढाई पडद्यावर काही मिनिटांची आहे, पण ती चित्रित करायला साडेचार महिने लागले, कारण सात सापळ्यांचे हात, पाय, मान आणि शस्त्रे प्रत्येक चौकटीसाठी वेगवेगळी हलवावी लागत आणि समोरच्या तीन खऱ्या अभिनेत्यांच्या हालचालींशी ती जुळवावी लागत. पैशांची टंचाई कशी उपयोगी पडते हे पाहायचे असेल, तर १९५५ च्या 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी'मधला अजस्र ऑक्टोपस मोजून पाहावा: त्याला आठ नव्हे, सहाच भुजा आहेत. दोन भुजांचा खर्च आणि वेळ वाचला आणि पाण्यातून एका वेळी काही भुजाच वर येत असल्याने ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

हॅरीहाउसेन यांनी जुने सांगाडे काढून नव्या प्राण्यांसाठी पुन्हा वापरले, हेही लक्षात घ्यावे. तरीही जे उरले ते त्यांनी फेकले नाही आणि १९८६ साली स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन करून ते त्याच्याकडे सोपवण्याची व्यवस्था केली. २०२० मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनाने एडिनबरोत त्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरवले. तिथे रेखाचित्रे, सांगाडे, साचे आणि बाहुल्या एकत्र होत्या. जुनी रीळ यांचे दहा वर्षांचे मूल अशा मांडणीत हरवणार नाही, कारण कागदावरच्या कल्पनेपासून पडद्यापर्यंतचा सगळा प्रवास त्याच्यासमोर असतो.

निशाचर

सहा भुजांचा ऑक्टोपस! आता तो चित्रपट पुन्हा पाहणे आले.

सायली

वस्तू जपण्याबद्दल आपण एवढे बोलतो आहोत, पण वस्तू करणाऱ्यांच्या नावांबद्दल अजून कोणी फारसे बोललेले नाही. त्यासाठी मला १९५४ च्या 'क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून'ची हकिकत सविस्तर सांगावीशी वाटते.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला तो कल्लेदार, खवल्यांचा मानवाकृती जलचर ज्यांच्या रेखाटनांतून जन्मला, त्या मिलिसेंट पॅट्रिक. त्यांचे वडील कॅलिफोर्नियात वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांच्या प्रसिद्ध वाड्याच्या बांधकामावर अभियंता होते. त्या स्वतः चित्रकला शिकल्या, डिस्नेच्या स्टुडिओत अ‍ॅनिमेशन विभागात काम केले आणि मग युनिव्हर्सलच्या रंगभूषा विभागात आल्या. स्टुडिओला त्यांच्या कामाचे महत्त्व कळले होते, म्हणून प्रदर्शनाच्या वेळी त्यांना देशभरच्या प्रसिद्धी दौऱ्यावर पाठवण्याचे ठरले. या दौऱ्याचे मूळ शीर्षक त्यांना राक्षसाची निर्माती म्हणणारे होते. विभागप्रमुख बड वेस्टमोर यांनी त्याला हरकत घेतली आणि शीर्षक बदलून "राक्षसांबरोबर राहणारी सुंदरी" अशा अर्थाचे करण्यात आले. दौरा उत्तम झाला. तो संपवून त्या परतल्या तेव्हा युनिव्हर्सलमध्ये त्यांच्यासाठी काम राहिले नव्हते. पडद्यावर रंगभूषेचे श्रेय वेस्टमोर यांच्या नावाने गेले आणि पुढची अनेक दशके बहुतेक लिखाणातही तेच नाव चालू राहिले. मिलिसेंट पॅट्रिक १९९८ साली वारल्या. त्यांचे श्रेय त्यांना ठळकपणे देणारे चरित्र २०१९ मध्ये आले.

त्या पोशाखाच्या आत असलेल्या माणसांचीही तीच गत. जमिनीवर उंचापुरे बेन चॅपमन तो पोशाख घालत आणि पाण्याखाली रिको ब्राउनिंग. पाण्याखालची दृश्ये फ्लोरिडातल्या वाकुल्ला झऱ्याच्या स्वच्छ पाण्यात चित्रित झाली. जलचराच्या तोंडातून बुडबुडे निघताना दिसले असते तर सगळी जादू संपली असती, म्हणून ब्राउनिंग पाठीवर हवेची टाकी न लावता श्वास रोखून पोहत. दोन दृश्यांच्या मध्ये नळीने हवा घेत आणि पुन्हा जात. ते चार मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकत. नायिकेच्या बरोबर खालून, उलटा होऊन पोहणारा तो जलचर या सगळ्या प्रकारातल्या सुंदर दृश्यांपैकी एक आहे असे मी मनापासून मानते. ब्राउनिंग आणि चॅपमन या दोघांचीही नावे पडद्यावरच्या श्रेयनामावलीत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे की एखाद्या संग्रहालयाने या जलचराचा हात किंवा मुखवटा मांडला आणि खालच्या पाटीवर फक्त स्टुडिओचे नाव लिहिले, तर ती वस्तू अर्धीच जपली गेली.

नगरचा किल्ला

सायली यांच्या मुद्द्याला १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'चा दुजोरा देता येईल. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाची भूमिका करणाऱ्याच्या नावासमोर फक्त प्रश्नचिन्ह आहे. प्रेक्षकांचे कुतूहल वाढवण्याची ती युक्ती होती. बोरिस कार्लॉफ यांचे नाव शेवटच्या यादीत येते. मूळ कादंबरीच्या लेखिकेचे नाव मात्र मेरी शेली असे न येता "मिसेस पर्सी बी. शेली" असे येते, म्हणजे तिथे पतीचेच नाव आहे.

कार्लॉफ यांच्या घराण्याचा एक धागा आमच्या नगरपर्यंत येतो, हे इथल्या वाचकांना आवडेल. त्यांचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७, लंडन. त्यांच्या आईचा जन्म भारतातला आणि तिचे लग्न १८६४ साली सुरतेत झाले. तिची आई एलायझा ही अ‍ॅना लिओनोवेन्स यांची बहीण. याच अ‍ॅना पुढे सयामच्या राजाच्या मुलांच्या शिक्षिका म्हणून जगभर प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचा जन्म १८३१ साली अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. त्यांनी आपला भारतातला जन्म आयुष्यभर लपवला आणि वेल्समध्ये जन्मल्याचे सांगितले. म्हणजे हॉलिवूडच्या सर्वांत प्रसिद्ध राक्षसाच्या आजीची बहीण नगरची. आमच्याकडच्या लष्करी छावणीच्या इतिहासात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

मृण्मयी

नगरचा किल्ला, ही माहिती अपूर्व आहे. आभार.

अभिजात

'फ्रँकेन्स्टाइन'चा विषय निघाला की रंगभूषाकार जॅक पिअर्स यांचे नाव घ्यावेच लागते. सपाट माथा, जड पापण्या, मानेतले विद्युतअग्र हे सगळे रूप त्यांचे. माथा सपाट का, याचे त्यांचे उत्तर तर्कशुद्ध होते: मेंदू बसवण्यासाठी शल्यविशारद कवटीचा वरचा भाग कापून झाकणासारखा पुन्हा बसवेल. हा माथा रोज कापूस आणि कलोडियन (लगेच वाळणारा चिकट द्रव) यांच्या थरांनी नव्याने बांधला जाई आणि त्याला काही तास लागत. कार्लॉफ यांनी तोंडातला कृत्रिम दातांचा एक भाग काढून ठेवला आणि गाल एका बाजूने खोल गेला. संध्याकाळी तो सगळा चेहरा विरघळवून टाकावा लागे.

इथे जतनाचा प्रश्न आणखी कठीण होतो. काँगचा सांगाडा तरी उरला. पिअर्स यांची कलाकृती दर संध्याकाळी नष्ट होत होती. १९३२ च्या 'द ममी'साठी कार्लॉफ यांना पट्ट्यांत गुंडाळायला सुमारे आठ तास लागले आणि ते रूप पडद्यावर काही क्षणच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिव्हर्सलने पिअर्स यांना काढून टाकले, कारण साच्यातून काढलेल्या रबरी तुकड्यांची नवी पद्धत अधिक जलद होती. १९६८ मध्ये ते वारले तेव्हा फार थोड्या लोकांना त्यांची आठवण होती.

उलट प्रयोगशाळेतली ठिणग्या उडवणारी विद्युत उपकरणे टिकली, कारण ती करणाऱ्या केनेथ स्ट्रिकफाडेन यांनी ती आपल्या गॅरेजमध्ये सांभाळून ठेवली होती. १९७४ मध्ये मेल ब्रुक्स यांनी 'यंग फ्रँकेन्स्टाइन' काढला, तेव्हा त्यांनी तीच उपकरणे भाड्याने घेतली आणि १९३१ मध्ये न मिळालेले श्रेय स्ट्रिकफाडेन यांना पडद्यावर दिले.

चित्रवेडा

काँगच्या बेटावरची ती प्रचंड भिंत आणि तिचे दार यांचे काय झाले?

अभिजात

जाळले. डिसेंबर १९३८ मध्ये 'गॉन विथ द विंड'साठी अटलांटा शहर जळताना दाखवायचे होते आणि कल्व्हर सिटीच्या मोकळ्या आवारातली जुनी नेपथ्ये हटवायचीही होती. त्या आगीत कोसळणाऱ्या इमारतींत काँगची भिंत आहे.

तोक्योवासी

धागा केवळ हॉलिवूडभोवती फिरतो आहे, म्हणून जपानची बाजू मांडतो. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी तोहो कंपनीचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. जग त्याला गॉडझिला म्हणून ओळखते. दिग्दर्शक इशिरो होंडा, दृश्यपरिणाम एइजी त्सुबुराया. त्सुबुराया हे 'किंग काँग'चे मोठे चाहते होते, परंतु स्टॉप मोशनला लागणारा वेळ त्यांच्या हाती नव्हता. म्हणून त्यांनी पोशाखातला माणूस आणि लहान आकाराचे शहर हा मार्ग घेतला. शहर एक-पंचविसांश मापाने बांधले. पोशाख सुमारे दोन मीटरांचा, त्यामुळे पडद्यावर गॉडझिला पन्नास मीटरांचा झाला. प्रचंड देह जड वाटावा म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा अधिक वेगाने चालवत. वेग वाढला की प्रकाश अधिक लागतो, प्रकाश वाढला की उष्णता वाढते आणि ती सगळी उष्णता पोशाखातल्या हारुओ नाकाजिमा यांच्या वाट्याला येई. पहिला पोशाख सुमारे शंभर किलोंचा आणि इतका ताठ होता की त्यात धड चालता येईना. तो कंबरेत कापून फक्त पाय किंवा फक्त वरचा भाग दिसणाऱ्या दृश्यांसाठी वापरला आणि दुसरा हलका पोशाख केला. नाकाजिमा चित्रीकरणात अनेकदा भोवळ येऊन पडले. तयारीसाठी ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले यांची चाल पाहत बसत. त्याच वर्षीच्या 'सेव्हन सामुराई'मध्ये ते एका दरोडेखोराच्या छोट्या भूमिकेत आहेत. १९७२ पर्यंत बारा चित्रपटांत त्यांनी गॉडझिला साकारला.

ती गर्जना कोणत्याही प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेनुसार डबल बेस या तंतुवाद्याच्या तारा सैल करून त्यांवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला आणि तो आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचा वेग कमी केला.

आता मूळ प्रश्न. पोशाख रबराचे होते आणि कमळजा यांनी सांगितले तेच त्यांचेही होते. परंतु या चित्रपटाची सर्वांत महत्त्वाची वस्तू तोक्योत शाबूत आहे आणि ती चित्रपटासाठी केलेलीच नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख दाइगो फुकुर्यू मारू नावाच्या ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर पडली. बोटीवरचे तेवीसही जण आजारी पडले आणि बिनतारी संदेशयंत्र सांभाळणारे ऐकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. 'गोजिरा' सुरू होतो तोच समुद्रातल्या प्रखर झोताने आणि जळणाऱ्या बोटीने. १९५४ च्या जपानी प्रेक्षकाला ते काय आहे हे सांगावे लागत नव्हते. ती खरी लाकडी बोट युमेनोशिमा येथे १९७६ पासून स्वतंत्र दालनात ठेवलेली आहे. गॉडझिलाच्या खेळण्यांनी भरलेल्या दुकानांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने आधी ती बोट पाहावी असे मला फार वाटते.

सायली

तोक्योवासी, या प्रतिसादासाठी मनःपूर्वक आभार. गॉडझिलाच्या कातडीवरचे ओबडधोबड वण अणुस्फोटातून वाचलेल्यांच्या व्रणांची आठवण करून देतात असे वाचले होते. बोटीचा संदर्भ लक्षात घेतल्यावर ते अधिक जाणवते.

चोरबाजार

वस्तूंमध्ये कागदही येतो, आणि मी कागदाचा माणूस आहे. जुन्या राक्षसपटांची पोस्टरे आज मूळ प्रतिकृतींपेक्षाही महाग जातात. 'द ममी'चे पोस्टर १९९७ मध्ये ४ लाख ५३ हजार डॉलरांना गेले, १९३१ च्या 'ड्रॅक्युला'चे २०१७ मध्ये ५ लाख २५ हजारांना. चित्रपटगृहांना ही पोस्टरे आठवड्यापुरती मिळत, मग ती परत जात किंवा त्यांवर पुढचे पोस्टर चिकटवले जाई आणि युद्धकाळात उरलेला कागद रद्दीच्या मोहिमेत गेला. जे उरले ते विसरले गेले म्हणून उरले. 'फ्रँकेन्स्टाइन'चे एक पोस्टर लाँग आयलंडमधल्या बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या प्रक्षेपण कक्षात १९७० च्या दशकात सापडले आणि २०१५ मध्ये सुमारे साडेतीन लाख डॉलरांना विकले गेले.

सर्वांत विलक्षण उदाहरण १९२७ च्या 'लंडन आफ्टर मिडनाइट'चे. स्वतःची रंगभूषा स्वतः करणारे अभिनेते लॉन चेनी यांचा हा चित्रपट. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६० च्या दशकात एमजीएम या चित्रपट कंपनीच्या कोठारातल्या आगीत गेली. २०१४ मध्ये त्याचे पोस्टर ४ लाख ७८ हजार डॉलरांना गेले. चित्रपट नाही, पोस्टर आहे. चेनी यांची रंगभूषेची पेटी मात्र लॉस एंजेलिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात सुरक्षित आहे. आपल्याकडे १९६६ चा 'गोगोला', म्हणजे मुंबईवर चालून येणाऱ्या समुद्री राक्षसाचा हिंदी चित्रपट, तोही आज पाहायला मिळत नाही; त्याची गाणी तेवढी उरली. जुन्या बाजारात त्याची गाण्यांची चोपडी कोणाच्या हाती आली, तर ती कृपया रद्दीत जाऊ देऊ नये.

खरेदी करणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना: युनिव्हर्सलच्या भयपटांची बनावट पोस्टरे जुन्या कागदावर छापून विकल्याची प्रकरणे अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेली आहेत. हातबदलाचा लेखी इतिहास नसेल, तर मोठी रक्कम देऊ नये.

निशाचर

आणि पडद्यावर ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसी यांचा झगा? ते ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरले गेले, हे खरे का?

चोरबाजार

खरे आहे. १९५६ मध्ये त्यांचे दफन तशाच एका झग्यात झाले. कुटुंबाकडे असलेला दुसरा झगा पुढे त्यांनी ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाला दिला.

लांडग्याच्या डोक्याची मूठ असलेली 'द वूल्फ मॅन'मधली काठी तर एका शाळकरी मुलाने वाचवली. ती घडवणाऱ्या एलिस बर्मन यांनी ती बॉब बर्न्स नावाच्या मुलाला देऊन टाकली. बर्न्स यांनी बर्बँकच्या आपल्या घरात आयुष्यभर अशा वस्तू जमवल्या आणि त्यांच्या संग्रहात काँगचा एक सांगाडाही आला. स्टुडिओंनी ज्याला कचरा मानले, ते अशा माणसांनी घरात ठेवून घेतले.

कमळजा

मूळ प्रश्नाकडे पुन्हा वळते, कारण 'किंग काँग'च्याच इतिहासात त्याचे उत्तर आहे असे मला वाटते. त्या चित्रपटात एक प्रसंग होता: काँग ओंडका हलवतो, खलाशी दरीत पडतात आणि तिथले आठ पायांचे अजस्र कोळी त्यांना खातात. प्रदर्शनापूर्वीच तो कापला गेला आणि पुढे कधी सापडला नाही. काही छायाचित्रे आणि रेखाटने तेवढी उरली. २००५ मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी त्यांच्या आधारे तो प्रसंग जुन्याच पद्धतीने, कृष्णधवल आणि स्टॉप मोशनने, पुन्हा घडवला. परंतु त्यांनी तो मूळ चित्रपटात घुसवला नाही. डीव्हीडीवर तो स्वतंत्र दिला, नवा असल्याचे स्पष्ट सांगून. मूळ चित्रपटाला धक्का लागला नाही आणि पाहणाऱ्याला कल्पनाही आली.

जुनी रीळ

कमळजा, या उदाहरणाने माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलते. मूळ सांगाडा उघडा असावा, शेजारी नव्या सांगाड्यावर लव चढवलेली प्रतिकृती असावी आणि दोन्हींच्या मध्ये तो चित्रपटाचा तुकडा सतत चालू असावा, ज्यात लव हलताना दिसते. पाटीवर ओब्रायन यांच्याबरोबर डेल्गाडो यांचे नाव असावे, ही सायली यांची अटही त्यात यावी.

निशाचर

प्रतिकृतीला मात्र माझा अजूनही विरोध आहे. चित्रपटाचा तुकडा पुरेसा आहे; त्यात खरा काँग आहे.

मृण्मयी

निशाचर, मुलांना हात लावून सांधे वळवून पाहता येतील अशी प्रतिकृती असेल तर? मूळ वस्तूला तसा हात कोणी लावू देणार नाही, आणि स्टॉप मोशन म्हणजे काय हे हाताने केल्याशिवाय कळत नाही.

निशाचर

तसे असेल तर मान्य आहे. लव मात्र सशाची नको.